पिकअपचा पोळा

मी हिंमतराव. मलकापुरात हायवेले लागून माहं गॅरेज हाय, एकतीस वर्षं झाली. बोर्डावर लिहिलं हाय, 'सर्व प्रकारच्या गाड्यांचे कूलिंगचे काम खात्रीने'. त्यातला 'खात्रीने' पेंटरनं आपल्या मनानं टाकला. मी फक्त पुसला नाही.

त्या खात्रीची वाट लावली भगवानभाऊच्या पिकअपनं. भगवानभाऊ म्हणजे नांदुऱ्याकडचे कास्तकार, वय शहात्तर. पिकअप चौऱ्याहत्तर सालची, पेट्रोलची, लांब नाकाची. कोण्या सरकारी खात्यानं लिलावात काढली तवा भाऊनं उचलली. सरकारले नको झालेली वस्तू घरी आणून तिची सेवा कराची, हे काम आमच्याकडं लोक लई मनापासून करतात. कागदपत्रं दर पाच वर्षांनी नवी, सीटले दरसाली नवं कापड, अन् समोरच्या जाळीवर धूळ दिसली तं भाऊ घरच्यांशी दिवसभर बोलत नसत.

एवढे लाड असून ते बाईसाहेब घाटात उकळत.

यंदा मे महिन्यात राजूरच्या घाटात तिसऱ्या वळणावर उकळली. भाऊ एकटेच होते. बोनेट उघडून तीन घंटे उन्हात बसले. जवळच्या कॅनमधलं सारं पाणी त्यांनी गाडीले पाजलं, स्वतः एक घोट नाही घेतला. एका एसटीच्या कंडक्टरनं उचलून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, दोन सलाईन लागल्या. शुद्धीवर आल्यावर पहिला सवाल काय? "बोनेट लावलं का बे कोणी?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून दीपक आला. दीपक म्हणजे भाऊचा एकुलता पोरगा, कंपनीत मोठा साहेब. पुण्यात राहून त्याच्या 'मले'चं 'मला' झालं हाय. पण बापासाठी जीव तुटते त्याचा, हे खोटं नाही. दवाखान्यात त्यानं भाऊचा हात धरला अन् सांगतलं, "बाबा, एक फार्म रिसॉर्टवाला आहे. जुनी गाडी त्याला गेटवर उभी करायची आहे. मागच्या हौद्यात फुलझाडं लावणार. लोक फोटो काढतील."

"तिच्यात झाडं लावतीन?" भाऊ म्हणे. "चालती गाडी, अन् तिची कुंडी?"

बापलेकात आठ दिवस तेच चाललं. शेवटी दीपकनं एक शर्त ठेवली. पोळ्याच्या आधीच्या रविवारी तो येईन. खताच्या वीस गोण्या टाकून मोताळ्याहून राजूरचा घाट चढाचा. नाही उकळली तं गाडी भाऊची. उकळली तं सोमवारी रिसॉर्टचा ट्रक येऊन उचलून नेईन.

भाऊ दवाखान्यातून सुटले ते सरळ माह्या गॅरेजात. टोपी काढून हातात धरली अन् म्हणे, "हिंमत, माही गाडी वाचव बे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरी जाऊन झोपा." बोर्डावरचा तो शब्द तवा मले पहिल्यांदा खरा वाटला. मूर्खपणा, दुसरं काय!

मंग लागलो कामाले. वॉटर पंप नवा टाकला. फॅनचा बेल्ट नवा, दोन्ही होज पाईप नवे, रेडिएटरचं झाकण नवं. आमचा खारपाणपट्टा. इथलं बोअरचं पाणी वरणात टाकलं तं मीठ टाकाचं काम नाही. तेच पाणी रेडिएटरात जाते अन् आत क्षाराचा थर बसते. म्हणून रेडिएटर खोलला, एकेका नळीतून सळई फिरवली, आतून असा धुतला का एका बाजूनं पाणी टाकलं तं दुसऱ्या बाजूनं धो धो पडे. जुलैत घाटात नेली. तिसऱ्या वळणावर उकळली. इंजिनचं हेड खोलून गॅस्केट बदललं. ऑगस्टात नेली. तिसऱ्या वळणावर उकळली. तिले त्या वळणावर कोणाचा तरी नवस असन.

सल्ले द्याले सारा तालुका हजर. एक म्हणे, पुढचा पंखा उलटा लावा. एक म्हणे, लिंबू बांधा. लिंबू बांधलेलंच होतं, तेही उकडून निघालं.

मी मात्र एक कारण पक्कं धरलं होतं, हळद. बारा वर्षांआधी रेडिएटरले बारीक गळती लागली होती. भाऊची बायको झुंबरबाई. त्यांनी कोणाचं तरी ऐकून त्यात हळद टाकली. गळती थांबली, हे मी कोणाले सांगत नाही. पण 'बाईनं रेडिएटरात फोडणी घातली' हे मी मलकापुरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगतलं. लोक पोट धरून हसत. गाडी उकळली का भाऊ घरी जाऊन झुंबरवहिनीवर भडकत, "तुह्या हळदीनं खाल्ली माही गाडी!" वहिनीनं गाडीजवळ येणंच सोडलं होतं.

रविवार दोन दिवसांवर आला. शुक्रवारी दुपारी मी रेडिएटर पुन्हा काढून बाहेर उन्हात टेबलावर उभा केला अन् त्याच्यासमोर बसून राह्यलो. तवाच झुंबरवहिनी आल्या. ऑटोनं, एकट्या, हातात डबा अन् ताकाची बरणी.

"हिंमतभाऊ, चार घास खाऊन घ्या. घरी यांनी दोन दिवस झाले अन्न सोडलं. रातदिवस नुसते ओसरीत बसून राह्यले. गाडी गेली तं हा माणूस राहत नाही, सांगून ठेवते."

वहिनीनं इकडंतिकडं पाह्यलं अन् टेबलावरच, रेडिएटरच्या मागच्या बाजूले बरणी ठेवली. "इथं ठेवते. सावली चांगली पडली. ताक आंबणार नाही."

मी हो म्हटलं. मंग घास तोंडात तसाच राह्यला.

रेडिएटर म्हणजे पातळ पत्र्याच्या हजार पाकळ्या, त्यांच्यामधून वारा जाते, वारा जाते म्हणून पाणी थंड होते. वारा जाते तिथून ऊनही जाते. टेबलावर उभ्या रेडिएटरची सावली जाळीदार पडाले पायजे, भोकंभोकं. ही सावली अख्खी होती. काळी ठिक्कर, भिंतीसारखी. त्यात ताकाची बरणी आरामात बसली होती.

मी उठलो. समोरच्या बाजूनं पाकळ्यांवर स्क्रूड्रायव्हर घासला. पोपटी रंगाची साल निघाली. त्याखाली गुलाबी. त्याखाली निळा. त्याखाली केशरी.

ते सारे रंग माह्या ओळखीचे होते. मीच आणले होते.

सांगतो. भाऊची शेवटची बैलजोडी गेली त्याले बावीस वर्षं झाली. गोठा रिकामा, पण पोळा तं कराचाच. म्हणून भाऊ पिकअपचा पोळा करतात. पोळ्याच्या आदल्या सांजी, खांदेमळणीले, बोनेटले हळद-लोणी लावून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी झूल टाकतात, बाशिंग बांधतात, पुरणपोळी दाखवतात अन् गाडी तोरणाखाली नेऊन उभी करतात. बैलांची शिंगं रंगवतात तशी तिची समोरची जाळी रंगवतात. अन् पहिला हात मान म्हणून मेकॅनिकचा. मले उपरणं, नारळ, पहिल्या पंगतीचं पान. सुरुवातीले मी ब्रशनं रंगवत होतो. मंग गेली आठ वर्षं मी माहा कॉम्प्रेसर घेऊन जातो, स्प्रे मारतो. सारं गाव बाजूले उभं राहून पाहते. जाळीच्या आत रंग पोचला नाही तं लोक म्हणत, हिंमतराव, आत राह्यलं की! मंग मी आणखी एक हात मारे. अन् त्या जाळीच्या मागंच रेडिएटर.

म्हणजे मी एका हातानं दरसाली गाडीचं नाक बुजवत होतो, अन् दुसऱ्या हातानं तिचा पंप बदलत होतो. रेडिएटर इतक्यांदा खोलला, पण पाह्यला फक्त आतून. बाहेरून रंग दिसला तं मनात म्हणे, वा, भाऊनं किती झकास राखलं. एकतीस वर्षांचा अनुभव!

वहिनी माह्यामागं उभ्या होत्या. त्यांनी ती साल बोटानं उचलली, पाह्यली.

"मंग हळदीनं नाही न?"

"नाही वहिनी."

"बरं."

बस, एवढंच. त्यांनी मले दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. मी खाली पाहून म्हटलं, "वहिनी, हे भाऊले..."

"मी काऊन सांगू?" त्या म्हणे. "बारा वर्षं तुम्ही सांगत फिरले. मी फिरली का कुठं?" अन् ऑटोत बसून गेल्या.

दोन दिवस मी रंग काढत बसलो. रसायन लावाचं, थांबाचं, मागून पाण्याचा फवारा माराचा, वाकलेली पाकळी चिमट्यानं सरळ कराची. नाकातोंडात तो वास. बोटांची सालं गेली. आठ पोळे असे एकावर एक खाली पडले. रविवारी सकाळी रेडिएटर उन्हात धरला तवा जमिनीवर सावली जाळीदार पडली. मी एकटाच होतो, तरी हात जोडले.

मोताळ्यात गाडी उभी केली. गोण्या लादलेल्या, भाऊ स्टेअरिंगवर, धुतलेलं धोतर, कपाळाले बुक्का. दीपकनं पुण्याहून तापमान मोजाचं यंत्र आणलं होतं, पिस्तुलासारखं. ते त्यानं आधी माह्याकडं धरलं.

"काका, खराबी नेमकी काय होती?"

"आता निघाली ते. चाला."

"नाही. नेमकं सांगा. तुम्हालाच माहीत नसेल तर आज चढेल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उकळेल. बाबा पुन्हा घाटात बसतील, आणि तेव्हा कंडक्टर येईलच असं नाही. सांगता येत नसेल तर चढवूच नका. मी आत्ताच ट्रकवाल्याला फोन करतो." त्यानं खरंच फोन काढला.

भाऊनं खिडकीतून मान काढली. "हळदच बे, दुसरं काय असन! तुह्या मायनं टाकली होती. सांग रे हिंमत त्याले."

आता पाहा. उत्तर ताटात वाढून आलेलं. झुंबरवहिनी घरी, त्या बोलणार नाहीत. मी नुसती मान हालवाची होती. गाडी चढणारच होती, माही अब्रू राहणार होती, तालुक्यात नाव होणार होतं. पण दीपकचा आवाज कापून राह्यला होता. त्याले गाडी नेण्याचा शौक नव्हता, बाप जाईन म्हणून तो भेत होता. अन् पोळा सहा दिवसांवर होता. भाऊनं मले आवतण देऊन ठेवलंच होतं, यंदा जांभळा रंग आण म्हणून.

"हळद नाही," मी म्हटलं. "रंग होता. रेडिएटरवर. मीच मारला, आठ वर्षं, पोळ्याले. वारा बंद झाला होता. वहिनीचा काही दोष नाही. दोष माहा हाय. पुन्हा रंग मारला नाही तं पुन्हा उकळणार नाही."

रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले. भाऊनं मान आत घेतली. दीपकनं फोन खिशात ठेवला अन् म्हणे, "बसा."

मी मागं गोण्यांवर बसलो. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. कॅबिनची मागची काच उघडी होती, तिच्यातून मी तापमानाच्या काट्याकडं पाहत होतो. तिसऱ्या वळणावर समोर एक भरलेला ट्रक रांगत होता, भाऊले पहिला गिअर टाका लागला. काटा वर सरकला. गजानन महाराज आठवले, लहानपणी मारणारा मास्तरही आठवला. काटा पाऊणवर आला, थांबला, अन् वळण संपल्यावर खाली आला. भाऊनं हॉर्न दिला, समोर कोणी नसताना.

बुलढाण्यात पोचल्यावर दीपकनं ते पिस्तूल साऱ्या इंजिनले लावून पाह्यलं. मंग खिशात ठेवलं. "ठीक आहे बाबा. गाडी राहू द्या."

भाऊनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं अन् लहान लेकरासारखे रडले. मीही डोळे पुसले, लपवाचं कशाले.

मंग दीपक म्हणे, अन् या वेळी त्याचं पुणं कुठं गेलं काय माहीत, "पण बाबा, आता हिंमतकाकाचा हात गाडीले लागू देऊ नका."

मी भाऊकडं पाह्यलं. एकतीस वर्षांची ओळख. वाटलं, हा माणूस आता पोराले झापन. म्हणन, हिंमत हाय म्हणून गाडी हाय. भाऊनं डोळे पुसले, बोनेटवर हात ठेवला, अन् एक मिनिटही विचार केला नाही.

"बरं," ते म्हणे.

मले वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. पण खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असतो तं मीही गाडीच ठेवली असती.

"चाल हिंमत, बस. तुले मलकापूरले सोडतो," भाऊ म्हणे. माह्याकडं न पाहता.

"नाही भाऊ, माहं बुलढाण्यात काम हाय."

काम काहीच नव्हतं. पण घाट उतरताना गाडी तापत नाही, तिले मेकॅनिक लागत नाही. मी पायीच स्टँडवर गेलो, मलकापूरची एसटी लागलीच होती, खिडकीजवळ जागा भेटली.

घाटात आमच्या एसटीनं पिकअपले मागं टाकलं. बोनेट लावलेलं, धूर नाही, वाफ नाही. भाऊचा कोपर खिडकीबाहेर, दीपक बाजूले हसून काहीतरी सांगून राह्यला होता. मी काच वाजवली, हात दाखवला. भाऊचं लक्ष रस्त्यावर होतं.