पान नसलेलं पाणी

पेल्याच्या तळाशी एक बारीक कचरा चिकटला होता, ताडगुळातला असेल, आणि चेल्लक्कनी तो करंगळीनं काढायला गेली की निसटायचा… आत्या बघत तर नसेल? पण आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोट तेवढं तट्ट फुगलेलं, बाकी अंगावर मांस म्हणून नाही. आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण, आणि आता बावीस वर्षं सासू.

"भिजलं का गं पान?"

"आणते, आत्या."

दारामागचा डबा पोट साफ करणाऱ्या सोनामुखीच्या पानांनी काठोकाठ भरलेला. वखारीत पानं निवडणाऱ्या बायका चाळणीखालचा चुरा घरी नेतात. तिथंच कामाला जाणाऱ्या चेल्लक्कनीनं आत्यासाठी परदेशी जाणारं मोठं, अख्खं पान पदरातून आणलं होतं. पोंगलपासून — आधी चिमूट, मग मूठ, मग दोन मुठी. शेजारची पुष्पम म्हणाली होती, एकदा दवाखान्यात दाखव. आणि मी हसले. पानात जन्म गेला माझा, मला पान शिकवतेस? असं म्हणाले मी, मीच… पोट मोकळं झालं की आत्या म्हणायची, पोरीच्या हाताला गुण आहे, आणि मला किती बरं वाटायचं. गेल्या सोमवारी डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला. आतड्यात गाठ, वाट बुजत आलेली. पान बंद करा, म्हणाला, आता त्यानं नुसत्या कळा येतील. सहा महिने आधी का नाही आणलंत, हेही म्हणाला, पण कागदाकडे बघत. आत्याला गाठीचं कुणी सांगितलं नव्हतं.

चेल्लक्कनी लग्न होऊन आली तेव्हा नव्या गावात बाहेर परसाकडे जायची तिला इतकी लाज वाटायची, की पाच दिवस तिनं तसेच काढले. आत्यानं न विचारता ओळखलं. सकाळी उपाशीपोटी सोनामुखीचं पाणी पाजलं, आणि काटेरी बाभळींच्या तोंडाशी लोटा घेऊन स्वतः राखणीला बसली — "मुडद्यांनो, तिकडून जा, माझी सून बसलीय!" सगळ्या गावाला कळलं. चेल्लक्कनी लाजेनं मेली होती, आणि त्या दिवसानंतर माहेरच्या आठवणीनं रडली नव्हती.

आज तिनं कोमट पाण्यात नुसता ताडगूळ विरघळवला होता, सोनामुखीसारखा रंग येईपर्यंत. कडूपणाला कडुनिंबाचं एक पान चुरडलं होतं. आत्यानं चाळीस वर्षं त्याच वखारीत काढली होती. नुसत्या वासावरून कुठल्या शेतातलं पान ते सांगायची.

आत्या कशीबशी उठून बसली. पेला नाकाशी नेला. तिथंच थांबली. वरून ओतून प्यायला हात उचलेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पेल्याला ओठ लावला आणि सावकाश सगळं प्याली.

"पान चांगलं होतं हो आजचं."

"हो."

"उद्याही असंच आण. आणि त्या डब्यातलं देऊन टाक कुणाला. उगाच कशाला खराब करतेस?"

चेल्लक्कनीला वाटलं, आत्यानं आता शिवी द्यावी, बाभळींपाशी द्यायची तशी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी… पण आत्या पुन्हा भिंतीकडे वळली होती. कामावर जायची वेळ टळून गेली. चेल्लक्कनीनं लोटा भरून घेतला आणि उंबऱ्यात बसून राहिली, कुणी आडोशाला गेलंय आणि ते परत येईपर्यंत आपल्याला हलता येत नाही, तशी.