टाकीतला आरोपी

मावशींनी डाव्या हाताने जाळं ओढ्याच्या पाण्याखाली धरलं आणि उजव्या हाताने दगड हळूच उचलला. गढूळ पाण्याचा एक लोट वर आला, त्यातून दोन चंदेरी रेघा सुटल्या आणि जाळ्याच्या कडेने पसार झाल्या.

"मेल्यांनो, आजच शहाणपण सुचायचं होतं का तुम्हाला?" मावशी माशांना म्हणाल्या.

जाळं म्हणजे तरी काय, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कड्याला शिवलेला. शिलाई मात्र दुहेरी होती. चाळीस वर्षं गल्लीचे कपडे शिवलेल्या बाईच्या हातून एकेरी शिलाई निघत नाही. कंबर धरली होती, पायाची बोटं गार पडून बधिर झाली होती आणि सकाळी सहाच्या आत घरी पोचायचं होतं. चौथ्या दगडाखाली एकदाचे दोन सापडले. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठे, अगदी पिल्लंच. मोठे चालणार नव्हते. गेले चार दिवस टाकीतल्या प्राण्याने काही खाल्लं नव्हतं, आणि तो उपाशी मेला तर आज अकरा वाजता मुलगा येईल तेव्हा मावशींचा निकाल लागल्यात जमा होता.

हे सगळं वेड्यासारखं आहे हे मावशींनाही कळत होतं. पण कळून काय उपयोग?

मावशींचे यजमान काचवाले. निम्म्या वस्तीच्या खिडक्यांना त्यांच्या हातची काच. गल्लीत कोणी त्यांना नावाने हाक मारली नाही, आणि आता नावाने मारली असती तरी त्यांनी ओ दिली असती की नाही देव जाणे. दोन वर्षांत एकेक गोष्ट गळत गेली. आधी माणसांची नावं, मग रस्ते, मग गॅस बंद करायचं भान. एकदा ते संध्याकाळी घरातून निघाले आणि दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या दुकानाच्या शटरसमोर उभे सापडले, खिशात किल्ल्या शोधत. हात मात्र तसेच होते. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी माळ्यावरून काचेचे तुकडे काढले, मापाला कापले, कडा घासल्या आणि सिलिकॉनची रेघ अशी ओढली की पट्टी लावून बघावी. टाकी भरून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवली. कागद कोरडा राहिला. त्या दिवशी मावशींना वाटलं, चला, आपला माणूस परत आला.

"दुकानातले रंगीत मासे नकोत," काचवाले म्हणाले होते. "त्यांना सगळे लाड लागतात. इथल्याच ओढ्यातले आणू. पाणीही तिथलंच, वाळूही तिथलीच. त्यांना घर बदलल्याचं कळायला नको."

दोघांनी बादल्या भरून वाळू आणली, गोटे आणले, मुळांसकट पाणवनस्पती आणल्या, पाण्याबाहेर डोकं काढणारा लव्हाळ्याचा एक झुबका आणला. झाडं रुजेपर्यंत पंधरा दिवस दम धरला. मग मासे सोडले. बारा. काचवाल्यांनी काच आखायच्या पेन्सिलीने कागदावर मोठ्या अक्षरात 'बारा' लिहून तो टाकीवर चिकटवला. मापाचा माणूस.

आठवड्यात बाराचे दहा झाले, मग नऊ, मग सात.

मुलगा वाईट नाही. दर रविवारी येतो, औषधं आणतो, आईचे हात दाबून देतो. पण त्या रविवारी तो स्वयंपाकघरात म्हणाला, "आई, बाबाच काढून टाकत असणार गं कुठेतरी. आधी गॅस, मग नळ, आता हे. किती दिवस एकटी निभावणार आहेस?" हळूच म्हणाला, पण ती भिंत पातळ होती आणि काचवाल्यांचे कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी ते मुलगा काय म्हणाला ते विसरले. आपण काहीतरी केलंय, एवढं मात्र त्यांच्यात घर करून बसलं. सकाळी उठल्या उठल्या मासे मोजायचे आणि पांढऱ्या चेहऱ्याने मावशींपुढे उभं राहायचं. "अगं, मी टाकले का?"

खरा चोर त्यांनीच पकडला. काचेवरचे ओरखडे शोधायचं भिंग घेऊन ते टाकीसमोर बसले होते. लव्हाळ्याच्या मुळाशी चिखलाच्या रंगाचं काहीतरी हललं. सहा पाय, फुगीर डोळे. एक मासा जवळून गेला, त्या प्राण्याच्या तोंडाखालून झटकन एक चिमटा बाहेर आला, आणि मासा गेला.

काचवाले असे ओरडले की मावशी शिलाई मशीनवरून धडपडत उठल्या.

"मी नाही! अगं, मी नाही! हा बघ, हा खातोय! चतुराची अळी आहे ही. झाडांबरोबर आपणच आणली."

त्या दिवशी ते हसले, दोन कप चहा प्यायले आणि चतुर पाण्यात कसा वाढतो, मग पंख फुटून कसा बाहेर पडतो, ते मावशींना सांगत बसले. काढून टाकू का म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. त्यालाही पोट आहे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पांढरा चेहरा. "अगं, मी टाकले का?"

मावशींनी फक्त एवढंच म्हटलं, "तळाशी जरा नीट बघा ना." त्यांनी बघितलं, आणि पुन्हा तोच आनंद. तसूभरही कमी नाही. निर्दोष सुटण्याचा आनंद रोज नवा.

एकदा मावशींनी शहाणपणा केला. अळी बादलीत काढून ठेवली आणि मासे मोजून बारा केले. वाटलं, मिटली कटकट. काचवाल्यांनी मासे मोजले, बारा भरले, आणि तरीही त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. दिवसभर ते आपला गुन्हा शोधत घरभर फिरले. कपाटं उघडली, नळ बघितले, गादी उचलून बघितली. संध्याकाळी मावशींना ते न्हाणीघरात सापडले. जमिनीवर बसलेले, हात कोपरापर्यंत मोरीच्या नळीत घातलेला, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडत होते. मावशींनी त्याच पावली बादलीतली अळी परत टाकीत सोडली.

तेव्हापासून पाच आठवडे हा उद्योग चालू होता. मावशी मासे आणत होत्या ते अळीला खायला, म्हणजे काचवाल्यांना रोज आरोपी मिळावा म्हणून. हे मुलाला काय सांगणार? त्याला एवढंच सांगितलं होतं की चोर सापडलाय. तो म्हणाला, "मग काढून टाक ना," आणि मावशींनी विषय बदलला. गेल्या रविवारी त्याने सांगून टाकलं. एक जागा बघितली आहे, स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं असतात. पुढच्या रविवारी अकराला गाडी घेऊन येतो. मावशींनी हातापाया पडून एक अट मान्य करून घेतली होती. तू येशील तेव्हा बाबा शांत, हसत बसलेले दिसले, तर आणखी सहा महिने विषय काढायचा नाही.

तो रविवार आज होता.

मावशी दारातून आत आल्या तेव्हा काचवाले उठलेले होते. टाकीसमोर बसून मोजत होते.

"अगं, आठच आहेत. इथे बारा लिहिलंय."

"तळाशी जरा नीट बघा ना," मावशी म्हणाल्या आणि डबा पाठीमागे लपवला.

त्यांनी भिंग लावलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वेळ जात होता. मावशींच्या पायातून चिखलाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"काही नाही इथे."

मावशी गुडघ्यावर बसल्या. लव्हाळ्याच्या मुळाशी नाही. गोट्यांमागे नाही. काडीने वाळू ढवळली, पाणी गढूळ झालं, मासे सैरावैरा पळाले. मग त्यांची नजर वर गेली. पाण्याबाहेर आलेल्या लव्हाळ्याच्या काडीला अळी घट्ट धरून बसली होती. मावशींना हायसं वाटलं. त्यांनी हात लावला. पाठीवर उभी चीर होती आणि आत काही नव्हतं. खिडकीच्या पडद्यावर एक चतुर बसला होता. पंख अजून चुरगळलेले, ओलसर.

मावशींनी ती रिकामी कात काडीवरून सोडवून काचवाल्यांपुढे धरली.

"अहो, हे बघा. हाच तो. यानेच खाल्ले मासे."

काचवाल्यांनी कात तळहातावर घेतली, उजेडात धरली, भिंगातून बघितली. "हे पोकळ आहे गं. पोकळ कसं खाईल?"

"आता पोकळ आहे. आतला तो तिथे बसलाय, पडद्यावर."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "तो? तो चतुर आहे. तो हवेत डास पकडतो. तो मासे कशाला खाईल?"

बरोबरच होतं. मावशींना इतका राग आला की वाटलं, ती टाकी उचलून फोडावी. डोकं रिकामं व्हायचं तर सगळं व्हावं! नातवाचं नाव राहत नाही, पण चतुर काय खातो ते राहतं! मावशी पुन्हा पुन्हा समजावत राहिल्या, हातवारे करून, काडी दाखवून, शेवटी ओरडून. ओरडल्यावर मात्र काचवाल्यांनी कात जपून टाकीच्या कडेला ठेवली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

चहा गार झाला. बिस्किटाला त्यांनी हात लावला नाही. मावशींनी जुने फोटो काढले, रेडिओ लावला, काच कापायचं हिऱ्याचं पेन हातात दिलं. दहा वाजले. मावशी वळून बघतात तर खुर्ची रिकामी. न्हाणीघरात काचवाले जमिनीवर बसले होते, हात कोपरापर्यंत नळीत.

"उठा हो. तो येईल आता. असं बघितलं तर..."

"येऊ दे. त्याला सांग, घेऊन जा मला. मी घरात ठेवायच्या लायकीचा राहिलो नाही. जिवंत मासे गं, मोरीत टाकले मी."

मावशी त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या. उठवायला जोर नव्हता, समजवायला शब्द नव्हते, आणि रडायलाही आता वेळ नव्हता. अकराला पंधरा मिनिटं कमी होती.

"तुम्ही नाही टाकले," त्या म्हणाल्या. "मी टाकले."

नळीतला हात थांबला.

"तू?"

"हो."

"का?"

त्याचं उत्तर मावशींनी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी नळाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"आठवत नाही हो," त्या म्हणाल्या.

काचवाल्यांनी हात बाहेर काढला. बराच वेळ ते मावशींच्या तोंडाकडे बघत राहिले. एरवी त्यांची नजर क्षणात घसरून जायची. आज गेली नाही.

"किती दिवस होतंय असं?"

"कसं?"

"हेच. विसरायला."

"बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?" त्यांनी दांडीवरचा टॉवेल ओढला. मावशींच्या पायाला ओढ्याचा चिखल वाळून बसला होता. तो त्यांनी ओल्या टॉवेलाने पुसायला घेतला, आधी टाच, मग एकेक बोट. काचेची कड पुसावी तसं हळू. "हा बघ केवढा चिखल. सकाळी कुठे गेली होतीस?"

"नाही आठवत."

"असू दे. असू दे. घाबरायचं नाही. मी काय सांगतो, चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या. मी देईन लिहून. गॅसजवळ एक, नळाजवळ एक. होतं सगळं." त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला. "डोळ्यातलं पाणी पूस आधी."

मावशींनी पुसलं. ते थांबेना.

"एक मात्र ऐक," काचवाले आवाज खाली आणून म्हणाले. "मुलाला यातलं काही सांगायचं नाही. पोरगा चांगला आहे, पण लगेच कुठेतरी नेऊन ठेवायच्या गोष्टी करेल. मी तुला कुठे पाठवणार नाही. इतकी वर्षं काढलीस तू माझ्याबरोबर."

बाहेर गाडीचं दार आपटलं. मग घंटी वाजली.

मावशी भिंतीला धरून उठायला लागल्या. काचवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"तू बस. आज तू काही बोलूच नकोस. मी बोलतो त्याच्याशी."

ते उभे राहिले, सदऱ्याची कॉलर सारखी केली, ओल्या हाताने केस बसवले आणि निघाले. आधी स्वयंपाकघराकडे वळले. 'तिकडे नाही, इकडे' हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या बोलल्या नाहीत. पावलं थांबली. घंटी पुन्हा वाजली, आणि मग काचवाले दाराकडे गेले.