नेडीनच्या पर्समधलं स्वस्त पिस्तूल

कोळशाच्या खोऱ्यातल्या बोनी फोर्क गावाच्या तिठ्यावर बंदुका आणि मासेमारीच्या सामानाचं एकच दुकान होतं, आणि तिथल्या पिस्तुलांच्या काउंटरमागे वेंडेल प्रुइट उभा असायचा. खाणी बंद पडत गेल्या तसं महागडं पिस्तूल विकलं जाणं ही अपूर्वाईची गोष्ट झाली. खपायची ती स्वस्तातली, जाडजूड, हातात विटेसारखी वाटणारी. ती घेणारा एक असायचा आणि त्याला मतं देणारे दहा. कुणी सांगायचं, माझं नाल्यात पडलं, काढून झटकलं, तरी पहिल्या चापाला उडालं. कुणी म्हणायचं, गोळ्या संपल्या तर फेकून मारायला याच्यासारखं दुसरं नाही. कुणाचं मेव्हण्याच्या हातात ऐन वेळी अडकलं होतं, कुणाच्या आजीनं त्याच पिस्तुलानं कोंबड्यांमागे लागलेला कोल्हा लोळवला होता.

पूर्वी वेंडेलही या गप्पांत रंगायचा. दिसायला कुरूप आहे, पण दिलेल्या पैशाला जागतं, असं तो गिऱ्हाइकाला मोकळेपणानं सांगायचा. लग्न झालं आणि त्याचं मत फिरलं. स्वस्त पिस्तुलाचा विषय निघाला की तो नाक मुरडू लागला, गिऱ्हाइकाला भीती घालू लागला. मालकाला वाटलं, गडी महाग माल खपवायला शिकला. खरं कारण नेडीनच्या पर्समध्ये होतं.

नेडीन त्याची बायको. दोघांनी पन्नाशीच्या उंबऱ्यावर लग्न केलं. वेंडेलचं पहिलं लग्न तरुणपणीच मोडलं होतं. नेडीनचा पहिला नवरा, डेल्मर कोम्ब्स, कोळशाच्या ट्रकांचा मेकॅनिक, एका सकाळी ट्रकखाली काम करता करताच हृदय बंद पडून गेला. डेल्मरला नावं ठेवणारा माणूस अख्ख्या खोऱ्यात मिळणं कठीण. अर्ध्या गावाच्या गाड्या त्यानं फुकट दुरुस्त केल्या होत्या. लग्नानंतरही चर्चच्या जेवणात कुणीतरी वेंडेलच्या ताटात मक्याची भाकरी वाढता वाढता म्हणायचंच, की डेल्मरला ही फार आवडायची. वेंडेल हसून मान डोलवायचा. भाकरी मात्र ताटात तशीच राहायची.

नेडीनला बोल लावायला जागाच नव्हती. वेंडेलच्या घरी राहायला येताना तिनं डेल्मरचा फोटो आपण होऊन पेटीत ठेवला होता. त्याचं नावही ती घेत नसे. फक्त ते पिस्तूल. ती दऱ्याखोऱ्यांतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची. सुनसान रस्ते, मोकाट कुत्री. पिस्तूल जवळ बाळगणं तिला भाग होतं. पण ते डेल्मरनं घेऊन दिलेलं होतं, आणि त्याच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. नेडीनचा हात लहान. ती पट्टी तिच्या बोटांच्या मापानं कापलेली होती, हे बघताक्षणी वेंडेलच्या लक्षात आलं होतं. आपल्या बायकोच्या हाताचं माप दुसऱ्या एका माणसाला इतकं नेमकं ठाऊक होतं, ही गोष्ट त्याच्या मनात कुसळासारखी रुतून बसली.

तिच्या वाढदिवसाला त्यानं दुकानातलं सगळ्यात देखणं पिस्तूल आणलं. हलकं, बारीक मुठीचं, चाप लोण्यासारखा. नेडीन खूश झाली, त्याच्या गळ्यात पडली. घरामागच्या टेकाडावर दोघांनी डबे मांडून ते चालवलं, आणि तिचा एकही नेम चुकला नाही. दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली तेव्हा वेंडेलनं सहज म्हणून पर्सकडे पाहिलं. आत तीच काळी पट्टी.

"नवं नाही घेतलंस?" त्यानं विचारलं.

"त्याला ओरखडे पडतील रे पर्समध्ये. याची सवय आहे हाताला."

ती गाडीत बसून गेलीसुद्धा.

त्यात भर घातली हॉबर्टकाकांनी. खाणीच्या धुळीनं छाती निकामी झालेला हा म्हातारा रोज दुकानात येऊन शेगडीजवळच्या स्टुलावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचा. एक दिवस वेंडेल एका गिऱ्हाइकाला सांगत होता की असल्या स्वस्त मालावर जिवाचा भरवसा टाकू नये. तेवढ्यात हॉबर्टकाका मधेच म्हणाले, "का रे, तुझ्या घरात तर तेच आहे. डेल्मरनं ह्याच काउंटरवरून घेतलं होतं, तू इथं कामाला लागायच्या आधी. मी इथंच बसलो होतो."

गिऱ्हाइकानं कान टवकारले. मग काय, काकांना ऊत आला. डेल्मर सुतळीचा एक तुकडा घेऊन आला होता म्हणे. बायको झोपलेली असताना तिच्या तळव्याचं माप घेऊन त्यानं सुतळीला गाठ मारून ठेवली होती. दुकानातली प्रत्येक मूठ त्या सुतळीनं मोजून बघितली. एकही बसेना, तेव्हा सगळ्यांत स्वस्त उचललं आणि म्हणाला, उरलेलं मी करीन. दुकान हसून हसून लोळलं होतं.

"आणि इतकी वर्षं झाली, एकदा तरी अडकलंय का ते? विचार तुझ्या बायकोला," काका म्हणाले.

गिऱ्हाइकानं ते स्वस्त पिस्तूल घेतलं. वेंडेलनं पिशवीत भरून दिलं, आभार मानले. आतून मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. झोपलेल्या नेडीनचा उघडा तळवा आणि त्यावर वाकलेला तो माणूस, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्या शनिवारी त्यानं नेडीनला म्हटलं, तुझं पिस्तूल दे, साफ करून ठेवतो. तिनं काही न विचारता काढून दिलं. ते घेऊन तो ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत गेला. साफसफाई हे निमित्त. त्याला ते अडकलेलं बघायचं होतं. त्यानं साध्या, गोल टोकाच्या गोळ्या भरल्या आणि एकामागोमाग एक झाडल्या. सगळ्या सुटल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा सुटल्या. काळी पट्टी त्याच्या मोठ्या हाताला टोचत होती. मग त्यानं खिशातून टोकाला खळगा असलेल्या गोळ्या काढल्या. असल्या पिस्तुलांना त्या सहसा पचत नाहीत, हे काउंटरवरच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. दुसरीच गोळी तिरकी होऊन अडकली.

वेंडेलला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्यानं हसला. लगेच त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग अडकलेली गोळी त्यानं मुद्दाम तशीच ठेवली, घरी दाखवायला.

नेडीन राजमा शिजत ठेवून कांदा चिरत होती. तिनं पिस्तुलाकडे नुसती नजर टाकली. "खळग्याच्या गोळ्या घातल्यास का? त्या नाही चालत त्याला. मी साध्याच घालते."

"आणि तुझ्यावर वेळ आली नि साधीही अडकली तर? मला जिवाला घोर लागतो, नेडीन. कंपनी फुकट दुरुस्त करून देते. दुकानातून पाठवतो मी."

तिनं सुरी खाली ठेवली. "हेच परत देतील ना? असंच?"

"हेच," वेंडेल म्हणाला.

कंपनी असलं जुनं पिस्तूल हातात आलं की सांगाडा तेवढा ठेवते आणि नळी, मूठ, वरचा भाग, सगळं नवं बसवून देते, हे त्यानं आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

सोमवारी दुकानात त्यानं पिस्तूल खोक्यात भरायला घेतलं. मुठीवर बाहेरचं काही गुंडाळलेलं असू नये, असा कंपनीचा नियम होताच. त्यानं चाकूचं टोक पट्टीखाली घातलं. रबर जुनं, निबर झालेलं. सोलता सोलता त्याला दिसलं, की इतक्या वर्षांच्या पकडीनं त्यावर बोटांचे बारीक खळगे पडले आहेत. करंगळीचा सर्वांत उथळ. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्यानं जोर लावून उरलेली पट्टी ओढून काढली आणि केराच्या डब्यात टाकली.

"डेल्मरचं रबर सोललंस होय," हॉबर्टकाका स्टुलावरून म्हणाले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. जे दिसलं ते म्हातारा बोलला.

महिन्याभरानं खोकं परत आलं. पिस्तूल नवं कोरं, तेलानं चकाकत होतं. वेंडेलनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. नेडीननं उचललं, मुठीवर बोटं फिरवली, उलटं करून पाहिलं.

"पट्टी कुठाय?"

"कंपनीनं काढली असेल. ते काढतातच."

"बरं," ती म्हणाली, आणि भांडी घासायला वळली. वेंडेलला वाटलं होतं, हे झालं की आपल्याला हलकं वाटेल. रात्री जेवताना त्याला जाणवलं, की आपण तिच्या हातांकडे बघायचं टाळतो आहोत.

चारपाच दिवसांनी, दुकानात चांगली वर्दळ असताना, नेडीन आत आली. ती दुकानात सहसा येत नसे. हॉबर्टकाकांची तिनं विचारपूस केली, आणि काकांनी बोलता बोलता, डेल्मरची पट्टी वेंडेलनं चाकूनं सोलून काढली, जुनं रबर बिचारं टिकलं नाही, असं भोळेपणानं सांगून टाकलं. वेंडेल काउंटरमागून ऐकत होता. नेडीननं ऐकून घेतलं, मान हलवली आणि काउंटरशी येऊन पर्समधलं पिस्तूल काढून काचेवर ठेवलं.

"हे विकायचंय. तुमचं काय मत आहे याच्याबद्दल?"

नवऱ्याला ती 'तुम्ही' म्हणाली, अनोळखी दुकानदाराला म्हणावं तसं. आजूबाजूची दोनचार माणसं मजा आहे असं समजून जवळ सरकली. एकजण म्हणाला, अहो ताई, हा स्वस्त मालाला शिव्याच घालणार.

वेंडेलनं पिस्तूल हातात घेतलं. बघायचं काहीच नव्हतं, तरी तो बघत राहिला. काय बोलावं? वाईट म्हणावं तर ते खोटं, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत. शेवटी त्याच्या तोंडून हलक्या आवाजात निघालं, "चांगलं आहे. साध्या गोळ्या घातल्या तर दगा देणार नाही."

"असंच कायम होतं का?"

"हो," वेंडेल म्हणाला. "आधीही चांगलंच होतं."

नेडीननं देतील ते पैसे घेतले, न मोजता पर्समध्ये टाकले आणि गेली. पिस्तूल त्याच दुपारी एका नवख्या नर्सनं नेलं. ते किती विश्वासाचं आहे हे हॉबर्टकाकांनी तिला पटवलं, वेंडेलला तोंड उघडावं लागलं नाही.

संध्याकाळी नेडीन वेंडेलला घ्यायला ट्रक घेऊन आली. त्याची गाडी त्या आठवड्यात दुरुस्तीला होती. गाव मागं पडलं.

"तू सांगितलं असतंस," मग ती म्हणाली, "की हे माझ्या डोळ्यांत खुपतं, तर मी त्याच दिवशी काढून ठेवलं असतं. फोटो काढला तसं. तुला वाटलं, मी नाही म्हणेन."

"नाही म्हणाली असतीस तर?" वेंडेल म्हणाला. त्याला हेच विचारायचं होतं, इतके दिवस.

"तर भांडलो असतो. पण तू माझ्याशी खोटं बोललास, वेंडेल. आणि ते मला काकांकडून कळलं."

त्यानं माफी मागितली. तिनं वळणावर गिअर बदलला.

त्यानंतर ती वेंडेलनं दिलेलं देखणं पिस्तूल घेऊन कामाला जाऊ लागली. जे त्याला हवं होतं ते सगळं झालं होतं. आणि तरी दर सकाळी तिनं ते पर्समध्ये टाकलं की तो तिकडे पाठ फिरवायचा. आता बोट दाखवायलाही काही उरलं नव्हतं. डेल्मर आता कुठं होता, हेच त्याला समजेनासं झालं. तिनं खिडकीबाहेर जरा वेळ पाहिलं, मधेच हसली, की त्याला वाटायचं, तिथं आहे. जळायचं ते जळतच होतं.

शेवटी एका रविवारी, चर्चमधून परतताना, त्यानं ट्रक ओढ्यावरच्या पुलाशी थांबवला. समोर बघतच तो म्हणाला, "नेडीन, कसा होता गं तो?"

"कोण?" तिला कळलं होतं, तरी तिनं विचारलं.

"डेल्मर."

नेडीननं मांडीवरची पर्स खाली ठेवली. "घोरायचा," ती म्हणाली. "भिंती हलायच्या. आणि कुणाला नाही म्हणता यायचं नाही त्याला. सगळ्या खोऱ्याच्या गाड्या धड, आमची कायम बंद. पावसात चालत जायचे मी कामाला. एकदा एवढी चिडले की त्याचे नट खोलायचे पाने उचलून या ओढ्यात टाकले."

"मग?"

"मग काय, उतरला पाण्यात. सगळे काढले. एक नाही सापडला. मला काही बोलला नाही, पण दोन दिवस तोंड फुगवून बसला होता."

ती बोलत राहिली. डेल्मरचं गाणं, त्याचा करपलेला राजमा, त्यानं बांधलेला आणि पहिल्याच वाऱ्यात पडलेला कोंबड्यांचा खुराडा. काही गोष्टी सांगताना तिचा आवाज असा मऊ व्हायचा, की वेंडेलचे हात स्टीअरिंगवर आवळायचे. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "थांबू का?"

वेंडेलला थांब म्हणावंसं वाटत होतं.

"नको," तो म्हणाला. "त्या खुराड्याचं पुढं काय झालं?"