चौथा प्रोसेसर

सगुणाला रिकामं बसलेलं माणूस बघवत नसे. त्या दिवशीही कोपरच्या घरून निघताना तिने गॅलरीत बसलेल्या सासऱ्यांच्या, कुंडलिकअण्णांच्या हातात पिशवी दिली आणि त्यांना तांदूळ आणायला कल्याणच्या बाजारात पिटाळलं. अण्णा गेले.

नौपाड्याच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची. चार प्रोसेसरचा नवा सर्व्हर तिच्याच हट्टाने आलेला. तो बरा चालत होता, पण सुखाचा जीव दुःखात घातल्याशिवाय बाईला चैन कुठलं! तीन प्रोसेसर डेटाबेसचं काम ओढत होते, चौथा मशीनच्या वरकड कामांसाठी मोकळा ठेवलेला. त्याला स्वस्थ बघून तिचं डोकं फिरलं. तिने त्यालाही डेटाबेसला जुंपलं, वर डेटाबेसचंच काम सगळ्यात आधी होईल असं करून ठेवलं.

थोड्याच वेळात काउंटरवरचे सगळे पडदे गोठले. केसपेपरची रांग दाराबाहेर गेली. हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी बजावलं, दुपारपर्यंत सुरू झालं नाही तर मशीन परत जाईल आणि यापुढे तिच्या शब्दावर काही घेतलं जाणार नाही. सगुणाने वायरी तपासल्या, मशीन बंद करून चालू केलं, पंख्याखाली येरझाऱ्या घातल्या. चौथ्यावर तिचा संशयच जाईना. चार हात लागल्यावर काम अडेल कसं?

तेवढ्यात घराशेजारच्या शालनचा फोन आला. कधीपासून नंबर लावलेला गॅसचा सिलिंडर सगुणाच्या दारी आला होता, आणि माणूस बेल वाजवून परत गेला होता.

सगुणा भडकली. "घरात एवढी माणसं, आणि दार उघडायला कुणी नाही?"

"अण्णा असतात की रोज," शालन म्हणाली. "आज तूच पाठवलंस ना त्यांना?"

फोन ठेवून ती सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली. सगळेच जुंपलेले, मग काउंटरवरून येणारा निरोप घेणार कोण? तिने चौथा मोकळा केला, डेटाबेसला दिलेला पहिला मानही काढला. पडदे हलले, रांग पुढे सरकली. एक प्रोसेसर मोकळा का ठेवायचा, हे तिने डॉक्टरांना चहा संपायच्या आत पटवून दिलं.

संध्याकाळी ती रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारत होती. सिलिंडरचं ऐकून अण्णांचा चेहरा पडला.

"उद्यापासून कुठे जाऊ नका. घरीच बसा," ती म्हणाली.

अण्णांनी पिशवी खुंटीला अडकवली. "कामाचा राहिलो नाही म्हण की."

डॉक्टरांपुढे सुचलेलं एकही वाक्य इथे उपयोगाचं नव्हतं. पंप सोडून ती त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, तुम्ही घरी असता म्हणून मी बाहेर धावू शकते."