पिवळी रेघ

संबोधीनं वायपरच्या दांडीखालचं काळं टोपण नखानं उचकटलं, नटावर पाना चढवला आणि जोर लावला. नट हलायला तयार नव्हता.

"खूण केलीस का आधी?" व्हरांड्यातल्या खुर्चीतून वाल्मिक म्हणाले. "दांडी काचेवर कुठे टेकते तिथे खूण कर. नाहीतर बसवताना वाकडी बसेल."

"केली ना पप्पा. टेप लावली."

"मला दिसत नाही."

दिसणार कुठून? पाच दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गाड्या उघडलेला माणूस आज खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. आणि सकाळपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं, की वायपरची नवी मोटार बसवायचं हे काम आज नको.

"गॅरेजला टाका. त्यांचं रोजचं काम आहे."

"गॅरेज रविवारी बंद असतं," संबोधीची आई, पंचशीला म्हणाली. ती बॉनेटपाशी स्टीलची वाटी धरून उभी होती. निघालेले नट त्यात ठेवायचे होते.

"मग टॅक्सी करा."

"टॅक्सी नको. आज गाडीनंच जायचं."

"अगं, ती काचेखालची जाळी आजवर कुणी उघडलेली नाही. कंपनीनं बसवली तशी आहे. क्लिपा तुटतील, मग पाणी आत जाईल."

पंचशीलानं घड्याळ बघितलं. अकरा वाजता माहेरी, हातोदला पोचायचं होतं. तिच्या थोरल्या भावाला, नानाला, जाऊन आज वर्ष होत होतं. बुद्धवंदना, मग जेवणं. वहिनीनं फोन तिला केला नव्हता, संबोधीला केला होता. "मम्मीला सांग, यायचं तर ये म्हणावं." यायचं तर ये! सख्ख्या बहिणीला हे असं आमंत्रण, आणि तेही लेकीच्या मोबाईलवर.

वहिनीचं तरी काय चुकलं? गेल्या वर्षी दवाखान्यानं हात टेकले आणि नानाला घरी पाठवलं, त्या संध्याकाळी तिनं फोन केला होता. सकाळीच निघ, तुझं नाव घेतोय. सकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पंचशीला सातला गाडीत जाऊन बसली, वाल्मिकांनी वायपरचा खटका दाबला. आतून घूं घूं आवाज आला आणि दांड्या जागच्या जागी. आदल्या संध्याकाळी अन्नपूर्णेच्या बाजारातून भाजी आणताना याच दांड्या सपासप चालत होत्या.

"मोटार जळली," वाल्मिक म्हणाले होते. "या पावसात पुढचं काही दिसायचं नाही."

"आवाज तर येतोय."

"तो दुसरा आवाज."

"मग मी बसनं जाते."

"ढोपरं बघ आपली. तासाभरात उघडेल. मी नेतो ना."

मी नेतो! हे ते स्वतःहून म्हणाले, याचंच तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. कारण अकरा वर्षं हा माणूस नानाच्या उंबऱ्यावर चढला नव्हता. कुणाच्याशा लग्नात नाना भर पंगतीत म्हणाला होता, "आमचे जावई फौजेत होते, पण बंदूक नाही हो, पाना चालवायचे!" पंगत हसली. वाल्मिक भरल्या ताटावरून उठले ते उठलेच. नंतर नानानं दोनदा माफी मागितली, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठे? बायकोला माहेरी जाऊ द्यायचे, सोडायलाही यायचे. घरासमोर गाडी उभी करून आत बसून राहायचे, अन् ती एकटीच आत जाऊन एकटीच बाहेर यायची.

त्या दिवशी तासाचे पाच तास झाले. बाराला फोन आला, नाना गेल्याचा. नंतर वहिनी सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "गाडीचा आवाज आला की दाराकडे मान वळवायचा. आणि ही पावसाला भ्यायली." वर्षभर पंचशीला ते वाक्य घेऊन झोपत होती, घेऊन उठत होती.

"निकल गया!" संबोधी ओरडली. दोन्ही दांड्या निघाल्या. टेकवलेल्या मोबाईलवर एक माणूस दुसऱ्याच कुठल्या गाडीची जाळी काढून दाखवत होता. तिनं पेचकसानं पहिली क्लिप उचलली. पट्कन आली. दुसरीही आली. तिसऱ्या जागी क्लिप नव्हतीच.

"पप्पा, कोणी म्हणलं हे उघडलं नाही? हे तर एकदम ढिलं आहे."

वाल्मिकांनी खुर्चीचे हात धरले. "सांभाळून. आत हात घालू नको, पत्रा लागतो."

जाळी निघाली. खाली वाळलेली पानं, चिखल, आणि त्यात वायपरची मोटार. संबोधीनं पानं उचलून टाकली, टॉर्च मारला आणि वाकून बघत राहिली.

"मम्मी, हे बघ ना. मोटारीची ही पट्टी दांड्यांना फिरवते, असं त्या व्हिडिओत आहे. आपली तर निघालेली आहे. तुटली नाही हं. काढून बाजूला बांधून ठेवली आहे."

पंचशीला वाकली. पट्टी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. तीन वेढे, आणि तारेचं टोक हाताला लागू नये म्हणून आत मुडपलेलं. परसातली कपड्यांची तार अशीच बांधलेली होती. आणि खालच्या तिन्ही बोल्टांवरून थेट पत्र्यापर्यंत एकेक पिवळी रेघ.

ती रेघ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वर्कशॉपातली सवय. नट कसून झाला की त्याच्यावरून आणि खालच्या पत्र्यावरून रंगाची एकच रेघ ओढायची. नट ढिला पडला की रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. घरातला पंखा, कुकरचा दांडा, संबोधीची लहानपणची सायकल, सगळ्यांवर ही रेघ होती. पंचशीला हसायची. म्हणायची, एक दिवस माझ्याही कपाळावर ओढाल. आणि या माणसानं गाडी मुद्दाम बिघडवली तेव्हाही बोल्ट नीट कसले, वर रेघ ओढली. आई गं!

"कोणीतरी गॅरेजवाला असेल," संबोधी म्हणाली. "रुक, मी जोडून बघते." तिनं तार सोडली, पट्टी खटक्यासरशी दाबून बसवली आणि आत जाऊन चावी फिरवली. घूं घूं झालं आणि दांड्या बसतात त्या उघड्या खुंट्या डावीकडे उजवीकडे फिरू लागल्या. "अरे! मोटार तर चालू आहे. पप्पा, फालतूत मोटार-पट्टीची एवढी मोठी असेंब्ली मागवली. परत करू?"

"कर," वाल्मिक घाईनं म्हणाले. "जुनीच राहू दे. चांगली आहे."

"नवी बसव," पंचशीला म्हणाली.

"मम्मी, पण का? ही चालते ना."

"मी म्हणते ना, नवी बसव."

आवाज चढला नव्हता. पण संबोधीनं आईकडे बघितलं, मग काळ्या चष्म्याकडे, आणि मुकाट्यानं बोल्ट सोडायला घेतले. पुढचा पाऊण तास पंचशीला वाटी धरून उभी होती, बोल्ट पडेल तेव्हा वाटी वाजायची. नवी बसली, जाळी बसली, दांड्या टेपच्या खुणेवर टेकल्या. संबोधीनं काचेवर बादलीभर पाणी ओतून बघितलं. झकास चालत होतं. मग हात धुवायला ती आत गेली.

वाल्मिक खुर्चीतून उठले नव्हते.

"त्या दिवशी पहाटे उठलात तेव्हा केलंत?" पंचशीलानं विचारलं. "गाडी पुसतो म्हणालात तेव्हा?"

वाल्मिक म्हणाले, "एक दिवस. म्हटलं, एक दिवस वाट बघू दे त्याला. दुसऱ्या दिवशी नेणारच होतो तुला. तो त्याच दिवशी जाईल, हे मला काय माहीत?"

"तो तुमची वाट नव्हता बघत हो. माझी बघत होता."

"नंतर हात लावायची हिंमत झाली नाही. मीच जळली म्हटलेली मोटार, चालू कशी करू?"

"आणि मी वर्षभर पावसाला भ्यायलेली बहीण!" आता मात्र तिचा आवाज फाटला. "तुमच्यासमोर बोलली ना वहिनी? तिथेच उभे होतात ना रस्त्यावर? तोंडातून शब्द नाही निघाला?"

वाल्मिकांनी चष्मा काढायला हात नेला आणि तसाच खाली घेतला.

तिनं कालचा पेपर आणला. जुनी असेंब्ली, चिखलासकट, त्यात गुंडाळली. सुटलेली तारही आत ठेवली. पुडकं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

"हे कशाला?"

"वहिनीला दाखवायला."

"तिथे लोक असतील, पंचशीला. सगळे नातेवाईक असतील."

"असतील ना. पंगत असेल."

"मग मी येत नाही."

"नका येऊ. मी सांगेन. आलात तर तुम्ही सांगा." ती साडी बदलायला आत निघून गेली.

साडेनऊला संबोधी स्टिअरिंगवर बसली, पंचशीला तिच्या शेजारी. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. फाटकापाशी गाडी थांबली, कारण मागचं दार उघडलं. वाल्मिक चाचपडत आत बसले. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. सीटवर पुडकं होतं, ते हलवून दुसरीकडे ठेवायला जागा होती. पण त्यांनी ते मांडीवर घेतलं.

"नव्या बोल्टांवर रेघ ओढलीस का गं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"नाही पप्पा. राहिलं."

तासभर वायपरचा आवाज तेवढा येत होता.

हातोदला गाडी वळली. नानाच्या घरासमोर मांडव घातला होता, माणसं आडोशाला उभी होती. गाडीचा आवाज ऐकून वहिनी दारात आली. संबोधीनं गाडी लावली, नेहमी लावायचे तिथेच, घराच्या समोर. वाल्मिक आईलेकींच्या उतरण्याची वाट बघत थांबले.

पंचशीला उतरली नाही.

"चल ना," वाल्मिक म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी गाडीत बसते. तुम्ही कसे बसायचे, तशीच."

मागचं दार उघडायला वेळ लागला. मग ते उतरले. पावसात, काळा चष्मा लावून, पुडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ते मांडवाकडे निघाले. पेपर भिजून फाटत होता. मांडवातली माणसं बोलायची थांबली. वहिनी उंबऱ्यातच उभी राहिली.

संबोधीनं वायपर बंद करायला हात पुढे केला.

"चालू राहू दे," पंचशीला म्हणाली. "मला दिसलं पाहिजे."