शिवाचा वाटा

"खाली बघू नको गे, समोर बघ," कोंडीराम बायकोला म्हणाला.

मालन रे रोडच्या वखारीत, लाकडं तोलायच्या काट्यावर उभी होती. पदर तिनं दोन्ही हातांनी आवळून धरला होता. हमालानं दांडीवरचं वजन सरकवलं, मग आणखी सरकवलं. सरपण न्यायला आलेल्या दोन बाया बघत होत्या.

"ही लालबागची खानावळवाली ना गं?" एक म्हणाली. "गिऱ्हाइकांना वाढते की नाय काही?"

दुसरी तोंडाला पदर लावून हसली. हमाल मात्र भला माणूस. त्यानं आकडा कोंडीरामच्या कानात सांगितला. दोनशे चौदा रत्तल.

परळच्या इस्पितळात काटा होता, पण तिथं दर आठवड्याला पहाटेपासून रांग धरायची म्हणजे खानावळीत जेवणारे पंधरा गडी उपाशी राहणार. म्हणून ही वखार. आठवड्याची लाकडं इथूनच जायची. डॉक्टरनं मालनच्या बेंबीपाशी बोटं दाबून सांगितलं होतं, "आतडं बाहेर येतंय. शिवायला हवं. पण एवढ्या चरबीत मी सुरी घालणार नाही. तीन महिन्यांत तीस रत्तल उतरून या. आणि बाई, आतडं मध्येच अडकलं, तर मला विचारायलाही वेळ मिळणार नाही तुम्हाला."

"म्हणजे काय?" बाहेर आल्यावर मालननं विचारलं होतं. कोंडीराम पुढे चालू लागला. घरी नऊ वर्षांची चंपा होती. तिला आईशिवाय वेणीसुद्धा घालता येत नव्हती.

मालनला वाटलं, उपास वाढवले की झालं. सोमवार आणि संकष्टी ती लग्नाआधीपासून धरत होती. त्यात गुरुवार धरला, शनिवार धरला. पण उपासाच्या दिवशी परातभर साबुदाणा भिजायचा, रताळी उकडायची, दाण्याचा कूट पडायचा. पुढच्या खेपेला काटा दोनशे सोळावर गेला. त्या दिवशी ती देवासमोर बसली आणि तिला देवाकडे बघवेना.

जाईबाई त्याच इस्पितळात आया होती. पलीकडच्या चाळीत राहायची. मागल्या वर्षी तिच्या घरानं बाबासाहेबांच्या मागे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. डॉक्टरचं बोलणं तिनं दाराशी उभं राहून ऐकलं होतं. एका दुपारी ती आपण होऊन मालनच्या उंबऱ्याशी आली.

"आत येऊ का, बाहेरनंच बोलू?"

मालन घोटाळली. क्षणभरच. मग तिनं पाट सरकवला. "आत ये गे."

"तुझं ताट तू वाढून घेऊ नको," जाईबाई म्हणाली. "डाव तुझ्या हातात असला की काय होतं ते मी बघितलंय. मी वाढीन. ड्युटीवरनं येते ती वेळ तुमच्या पंगतीचीच."

त्या संध्याकाळी जाईबाईच्या हातात डाव बघून पंगतीत कुजबुज झाली. दोन गडी हात धुऊन उठले ते परत आले नाहीत. शामराव सगळ्यांत वडील. साताऱ्याकडचे, गळ्यात माळ, गिरणीत ताणाखात्यात. ते म्हणाले, "गेले तर जाऊ द्यात. वैनी, तुमी समद्यांच्या मागनं एकट्या जेवता, त्येच चुकतंय. आमच्या पंगतीत बसा."

"पुरुषांच्या पंगतीत?"

"मग काय झालं? आमच्या आयाच की तुमी. आन् तुमी बसल्याबिगर आमी भाकर मोडनार न्हाई. काय रं?"

"नाय मोडणार!" सगळे ओरडले. एक जण म्हणाला, "पण मावशी, आज मासे हायत, जरा लवकर बसा!"

मालनच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. शामरावांनी तिच्या हातावर पाणी घातलं आणि तिनं देवासमोर नेम केला, की पंगतीशिवाय अन्न तोंडात घालणार नाही. वाढवलेले उपास जाईबाईच्या सांगण्यावरून सोडले. सोडताना देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "रागावू नको."

मग जेवण झालं की गडी स्वतःच भांडी मोरीत नेऊन घासू लागले, म्हणजे तळाशी काही उरायला नको. गिरणीच्या तेलानं काळे पडलेले हात राख लावून पातेली घासायचे आणि त्यावरूनही भांडायचे. "ए, हांडा माझा हाय!" संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं ठरलं की घासता घासता तेही बोलायचे, आणि मालन जवळ आली की आवाज खाली जायचा. मालनच्या ताटात दोन भाकऱ्या, मूठभर भात, माशाची एक तुकडी. पहिल्या महिन्यात नऊ रत्तल उतरले.

पाचव्या आठवड्यात एकदा ड्युटी लवकर सुटली म्हणून जाईबाई दुपारी तीनला आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

मालन चुलीपाशी बसली होती. मांडीत रात्रीसाठीचं भाताचं पातेलं. ती हातानं उपसत होती, चावत नव्हती, गिळत होती. कालवणाचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. डोळे भिंतीकडे. जाईबाईला तिनं बघितलंही नाही.

"मालन."

हात थांबला नाही.

"अगं मालन! नेम केलास ना देवापुढं?"

"मोडलंय," मालन म्हणाली. "चार दिवस मोडतंय. जा तू. माका मरूंदे."

जाईबाईनं पातेलं ओढलं. मालननं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्या ओढाताणीत भात जमिनीवर सांडला. तशी मालन वाकली आणि शीत न शीत वेचू लागली.

"सांडू नको गे. तेचो आसा. तेचो वाटो आसा."

"कुणाचा?"

मालन जमिनीकडे बघत बोलली. शिवा तिचा थोरला. अठरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गिरणीची पाळी करून आला. तिनं ताट वाढलं होतं. बाहेरून मित्रांनी हाक मारली, मोर्चा निघालाय म्हणून. तो पायांत चपला अडकवत म्हणाला, "परत इलंय की जेवतंय." ताट झाकून ठेवलं. गोळीबार झाला. संध्याकाळी निरोप आला.

"हे सगळ्यांना ठाऊक आहे गं," जाईबाई हळू म्हणाली.

"धाव्या दिसाचा तुका म्हायत नाय." मालननं मान हलवली. "पिंडाक कावळो शिवूक नाय. दोन तास उभे होते सगळे. ह्येंनी सांगितल्यानी, चंपाचा लगीन करतलंव. शामराव म्हणाले, मुंबई घेऊ. तरी शिवूक नाय. शेवटाक भटान दर्भाचो कावळो केलो नि तो शिवयलो. गवताचो! लोक म्हणाले, झाला, चला. मी म्हटलंय, झाला कसा? पोर माझो उपाशी गेलो, नि उपाशीच आसा. तो पोटातसून ओरडता. मी खाल्लंय की घटकाभर गप बसता."

वेचलेली शितं तिनं मुठीत आवळली.

"लोक हार घालतत. हुतात्म्याची आई म्हणतत. पेढे देतत. ते पण मी तेच्यासाठीच खातंय."

जाईबाई खाली बसली, सांडलेल्या भाताच्या पलीकडे. मग ती म्हणाली, "माझी आई गेल्या पावसाळ्यात गेली. आम्ही दीक्षा घेतलेली. पिंड नाही घातला, कावळा नाही बोलावला. मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. म्हणजे माझी आई उपाशी फिरते का गं?"

मालननं वर बघितलं.

"सांग की. तुझ्या देवाला स्मरून. माझ्या आईनं जन्मभर लोकांचं धुणं धुतलं, भांडून आम्हाला वाढवलं. ती आता कुठं भुकेली तडफडतेय, असं माझ्या तोंडावर म्हण. म्हण, आणि खा ते पातेलं. मी अडवायची नाही."

मालनचे ओठ हलले. "नाय गे," ती म्हणाली. "तुझी आवस कशाक उपाशी रवतली? देव काय इतको..." ती भात भरल्या हातांनी तोंड झाकून रडली. दोन वर्षांत ती अशी रडली नव्हती. तोंडात नेहमी काहीतरी असायचं.

संध्याकाळी तिनं पंगतीत उभं राहून सांगितलं, की नेम मोडला आणि रात्रीचा भात कमी आहे. शामरावांनी तांब्या उचलला.

"ओंजळ करा वैनी. पुन्यांदा पानी सोडू. द्येव काय मस्टर घिऊन बसल्याला न्हाई." मग पंगतीकडे वळून म्हणाले, "आज आर्धा-आर्धा भात. कुनाची हरकत?"

"हरकत कसली? पोट सुटलंच होतं," कुणी तरी म्हणालं.

त्यानंतरही ती दोनदा घसरली. दोन्ही वेळा तिनं स्वतःच जाईबाईला निरोप धाडला. काही दुपारी ती देवासमोर बसून राहायची, चुलीकडे पाठ करून, जपमाळ ओढत. चंपा तिच्या पाठीशी पाठ लावून बसायची, अभ्यास करत. कोंडीरामनं गिरणीत सांगून पाळी बदलून घेतली, दुपारी घरी असता यावं म्हणून. तो तिच्यासमोर बसून कोकमं निवडायचा. धड निवडता यायची नाहीत.

तीन महिन्यांनी चोवीस रत्तल उतरले होते. सहा राहिले. डॉक्टरनं वजनाचा कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, कोंडीरामकडे बघितलं. "एवढं चालेल. बुधवारी दाखल व्हा," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मालन इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घालायचं नव्हतं. वॉर्डातल्या बायकांना पेज वाटत होते, पितळी भांड्यांचा आवाज येत होता. जाईबाई बादली खाली ठेवून तिच्याशेजारी टेकली.

"घाबरलीस?"

"थोडा." मालन थांबली. काहीतरी ऐकत असल्यासारखी. "जाईबाय, माका भूक लागली."

जाईबाई दचकली. "आता नाही हं मिळायचं! ऑपरेशन झाल्यावर पण दोन दिवस नुसतं पाणी. मालन, माझी शपथ आहे."

"मागनंय नाय. सांगतंय नुसता."

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. पोटातली भुकेची कळ येत होती, ओसरत होती, पुन्हा येत होती. ती त्या कळेकडे लक्ष देऊन बसली.

"तेची नाय ती," जरा वेळानं ती म्हणाली. "माझीच आसा."

जाईबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती. आतून शिपायानं चाकांचा पलंग ओढत आणला आणि तिचं नाव पुकारलं.

"तेच्यार नको," मालन उठत म्हणाली. "चलत येतंय."