सपाट वाचायचं

ऑडिशनच्या खोलीत कॅमेऱ्याशेजारी एक खुर्ची होती. तिच्यावर बसून समोरच्या नटाला क्यू द्यायचे, म्हणजे दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचायची, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला क्यूताई म्हणत. कामावर घेताना कास्टिंगवाल्या सरांनी शब्द दिला होता, "आधी खोलीची सवय होऊ दे, मग तुझीही ऑडिशन घेऊ." तो ‘मग’ काही उजाडेना. तिच्या मागून आलेल्या पोरी पोस्टरवर झळकल्या, ही आपली खुर्चीतच.

नव्या पोरींना बाहेरच गाठून रीत समजावायचं कामही तिच्याच गळ्यात. सॉरी म्हणू नकोस. अडखळलीस तरी ‘थांबा’ म्हणेपर्यंत थांबू नकोस. झाल्यावर "कसं झालं?" विचारू नकोस, आभार मानायचे आणि बाहेर पडायचं. तिला स्वतःला मात्र एकच नियम होता, सपाट वाचायचं. भाव खाऊन जायचा तो समोरच्याने.

"दुसऱ्यांच्या पोरींना पोहायला शिकवतेस आणि स्वतः काठावर बसतेस," आत्या घरी टोमणा मारायची. क्यूताई पुढची पोळी वाढून घ्यायची. आत्याचं खरं होतं, त्याचाच जास्त राग यायचा.

त्या दिवशी थोरल्या बहिणीची भूमिका होती. प्रसंगात बाप ओरडतो, "या घरात तुला विचारतंय कोण?" आणि जन्मभर गप्प राहिलेली थोरली तोंड उघडते. बापाचं वाक्य क्यूताई भाजीचा भाव सांगावा तसं वाचत होती. थोरलीची उत्तरं मात्र तिला केव्हाच पाठ झाली होती. सकाळी तिने धीर करून विचारलंही, "सर, ही मी करून बघू?" सरांनी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हटलं, "बघू."

दुपारी एक घाबरलेली पोरगी आली. सपाट वाक्यावर तिला काही राग येईना. क्यूताईला राहवेना. तिने बाप असा कडाडून वाचला की पोरगी दचकली, मग पेटून उठली आणि तिने प्रसंग जिंकला. सांगितल्याप्रमाणे आभार मानून ती निघून गेली.

दार लागताच सर उखडले. "क्यूताई, तू भिंत आहेस. भिंतीनं अभिनय करायचा नसतो. पुन्हा असं झालं तर त्या खुर्चीत दुसरी बसेल."

"आजच बसवा," ती म्हणाली.

तिने संवादाचा कागद सरांच्या पुढ्यात ठेवला आणि नटांसाठी जमिनीवर केलेल्या चिकटपट्टीच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. "नवीन आहे. पहिलीच ऑडिशन. भूमिका थोरलीची. क्यू द्या."

कॅमेरा चालूच होता. त्यात टिपलेलं सगळं संध्याकाळी जसंच्या तसं दिग्दर्शकाकडे जायचं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कॅमेरावाल्याने सरांकडे बघायचं टाळलं आणि कॅमेरा हळूच तिच्या चेहऱ्यावर आणला. नोकरी तर गेलीच होती, आता खूण सोडली असती तर सगळंच गेलं असतं.

सर ताडकन उठले. "डोकं फिरलंय का तुझं? इथं तुला विचारतंय कोण?"

"कुणी विचारेल म्हणून थांबले, बाबा, तिथंच चुकलं माझं," थोरली म्हणाली. "आता न विचारता बोलणार आहे. बसा आणि ऐका."

सर बसले. ‘थांबा’ म्हणायचं त्यांना सुचलंच नाही, आणि म्हटलं नाही म्हणून ती थांबली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत गेली. मग कॅमेऱ्याकडे बघून आभार मानले, पर्स उचलली आणि कसं झालं ते न विचारता बाहेर आली.

बाकावरच्या पोरी धडपडून उठल्या. "क्यूताई, तुम्ही बाहेर? मग आत क्यू कोण देतंय?"

"सर," ती म्हणाली. "बिनधास्त जा. अगदी मनापासून देतात."